नैसर्गिक क्षेत्रातील बहुउपयोगी पायवाटा : नियोजन व बांधणी
(विशेष संदर्भ : हिंगोली जिल्हा)

प्रस्तावना

निसर्ग पर्यटनाचा विचार करताना विश्रामगृहे, प्रवेशद्वारे व वाहनतळ यांची चर्चा अधिक होते; प्रत्यक्ष निसर्गात माणसाला घेऊन जाणारी पायवाट मात्र दुर्लक्षित राहते. पायवाट ही आपोआप पडते, ती बांधावी लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चुकीच्या जागी पडलेली पायवाट दोन-चार पावसाळ्यांत ओहळाचे रूप घेते आणि डोंगरावरील पातळ माती वाहून नेते. फिरणे, सायकल चालविणे, निसर्गनिरीक्षण, यात्रा आणि स्थानिकांची दैनंदिन ये-जा अशा अनेक कारणांसाठी एकाच वाटेचा वापर होतो, तेव्हा तिला 'बहुउपयोगी पायवाट' असे म्हणता येते. अशा वाटेचे नियोजन हा भूगोल, वनस्पतिशास्त्र, समाजशास्त्र व कायदा या सर्वांशी निगडित विषय आहे. प्रस्तुत लेखात अशा पायवाटांची तत्त्वे हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात स्पष्ट केली आहेत.

हिंगोली जिल्ह्याची पार्श्वभूमी

दि. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४,५२६ चौ. कि.मी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५ इतकी होती. पैनगंगा, पूर्णा व कयाधू या येथील प्रमुख नद्या आहेत. अजिंठा डोंगररांगेचे फाटे जिल्ह्यात पसरलेले असून त्यांवर शुष्क पानझडी वने आढळतात. साग, पळस, धावडा, मोह, टेंभुर्णी हे वृक्ष आणि रोही, रानडुक्कर, मोर हे वन्यजीव या भागाच्या परिचयाचे आहेत. भूस्तर बेसाल्ट खडकाचा आहे. डोंगरउतारावर मातीचा थर अत्यंत पातळ, त्याखाली मुरूम व कठीण खडक, तर पायथ्याशी खोल काळी माती अशी रचना सर्वत्र दिसते.

जिल्ह्यात पायी चालण्याची परंपरा पर्यटनापेक्षा फार जुनी आहे. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंग क्षेत्र आणि नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानले गेलेले गाव येथेच आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखीही याच जिल्ह्यातून जाते. याशिवाय आंध आदिवासी, बंजारा तांडे, धनगर मेंढपाळ व शेतकरी यांच्या गुराढोरांच्या वाटा, गाडीवाटा, पाणंदी व शिवरस्ते यांचे जाळे रानात पूर्वीपासून आहे. त्यामुळे येथे नवी वाट आखणे म्हणजे कोऱ्या जागेवर रेघ ओढणे नव्हे. ते आधीपासून वापरात असलेल्या जागेचे फेरनियोजन असते. कोणतीही योजना हे वास्तव विसरली, तर वाट बांधली जाते आणि ती ज्यांची होती तेच तिच्यावरून दूर सारले जातात.

माथेरानचा अनुभव

महाराष्ट्रात बहुउपयोगी वाटांचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्यातील माथेरान. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे हे ठिकाण प्रकाशात आले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर पोहोचली. मोटारगाड्यांना दस्तुरी नाक्यापर्यंतच प्रवेश असल्याने पुढे पादचारी, घोडे व हातरिक्षा यांनी एकच लाल मातीची वाट वापरली. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला.

पुढे वाद निर्माण झाला तो वाटेच्या पृष्ठभागावरून. मुसळधार पावसात लाल माती वाहून जाते, म्हणून ब्लॉक बसवावेत असा एक पक्ष. तर ब्लॉकवरून घोडे घसरतात व त्यामुळे यांत्रिक वाहनांना वाव मिळतो, असा दुसरा पक्ष. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचे निर्देश दिले. दस्तुरी नाका ते शिवाजी पुतळा या मुख्य मार्गावर ब्लॉकला अनुमती देताना अंतर्गत रस्त्यांवर मात्र ते न बसविण्याचे सांगितले.

या प्रकरणातून तीन बोध मिळतात. पहिला, पृष्ठभागाचा निर्णय हा केवळ अभियांत्रिकी निर्णय नसतो. त्यावर कोणाची उपजीविका टिकेल हेही ठरते. दुसरा, सर्व वाटांना एकच उपाय लागू पडत नाही. तिसरा, वापरकर्त्यांतील मतभेद नियोजनाच्या टप्प्यावर मिटविले नाहीत, तर ते पुढे न्यायालयापर्यंत जातात.

नियोजनाचे टप्पे

पहिला टप्पा म्हणजे सध्याच्या वापराची नोंद. कोणती वाट कोण, कोणत्या ऋतूत व कशासाठी वापरतो, याचा तक्ता ग्रामस्थांसोबत फिरून तयार करावा लागतो. मोहाची फुले उन्हाळ्याच्या सुरुवातीस व तेंदूपाने त्यानंतर गोळा केली जातात, मेंढरे पावसाळ्यानंतर वेगळ्या दिशेने जातात. एका भेटीत केलेले सर्वेक्षण त्यामुळे अपुरे ठरते.

दुसरा टप्पा कोठे जाऊ नये हे ठरविण्याचा आहे. पाणवठे, पक्ष्यांच्या विणीच्या जागा, वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्याच्या पट्ट्या, देवराया व दलदलीचे भाग नकाशावर प्रथम वगळावेत. पाणवठ्याजवळून वाट नेण्याचा मोह आवरावा लागतो, कारण उन्हाळ्यात प्राण्यांना दुसरा पर्याय नसतो. मनोरंजनाच्या पर्यावरणीय परिणामांवरील अभ्यासांतून असे दिसते की, वनस्पतींची बरीचशी हानी अल्प वर्दळीतच होते; त्यानंतर वर्दळ वाढली तरी हानी त्या प्रमाणात वाढत नाही. याचा अर्थ असा की, वर्दळ सर्वत्र विखुरण्यापेक्षा थोड्याच पण टिकाऊ वाटांवर एकवटणे हितावह असते. साताऱ्याजवळील कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसह जागतिक वारसा यादीत समावेश झाला. फुलांच्या हंगामात तेथे दररोज ३,००० पर्यटकांची मर्यादा घालावी लागली, यामागेही फुले तुडविली जाण्याचाच प्रश्न होता.

तिसरा टप्पा कायदेशीर आहे. वनजमिनीचा वनेतर वापर १९८० च्या वन संवर्धन कायद्याने नियंत्रित होतो. २०२३ च्या दुरुस्तीने कार्य आयोजनेत अंतर्भूत असलेल्या निसर्ग पर्यटन सुविधांना काही सवलत दिली आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याने चराईचे व भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचे सामूहिक हक्क मान्य केले आहेत. याच कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यांसह १३ प्रकारच्या शासकीय सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते; मात्र त्यासाठी तोडावयाच्या झाडांची संख्या हेक्टरी ७५ पेक्षा अधिक नसावी. पर्यटन हा या यादीतील विषय नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. गावाच्या रस्त्याच्या नावाने पर्यटकांची वाट काढणे कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरेल.

आखणी व उतार

पायवाटेचा खरा शत्रू पाऊल नसून पाणी आहे. डोंगराच्या सरळ उतारावरून खाली जाणारी वाट पाण्याला आयता मार्ग देते. म्हणून वाट समपातळी रेषेच्या जवळून, उताराला आडवी न्यावी. यासाठी दोन नियम जगभर वापरले जातात. एक, वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास ठेवावा. दोन, वाटेचा चढ डोंगराच्या त्या जागेवरील उताराच्या निम्म्यापेक्षा अधिक नसावा. डोंगराचा उतार १६ टक्के असेल, तर वाटेचा चढ ८ टक्क्यांच्या आत हवा. असे न केल्यास पाणी वाट ओलांडून न जाता वाटेवरूनच वाहू लागते.

उदाहरणादाखल ६० मीटर उंचीची, ३० टक्के उताराची टेकडी घेता येईल. सरळ चढणारी वाट २०० मीटर आडव्या अंतरात माथ्यावर पोहोचेल. परंतु १० टक्के चढाच्या वाटेला ६०० मीटर अंतर लागेल. हे वाढीव अंतर निरर्थक नाही. सायकलस्वार, वृद्ध यात्रेकरू व डोक्यावर मोळी घेतलेली स्त्री या तिघांनाही तोच चढ झेपतो. मात्र नागमोडी वळणे एकमेकांच्या दृष्टिपथात आली, तर लोक मधून आडवाट पाडतात. वळणांच्या मध्ये झुडपे वा खडक येतील अशी आखणी करणे हाच त्यावरील उपाय होय.

समपातळी रेषा काढण्याचे तंत्र मराठवाड्यात नवीन नाही. पाणलोट क्षेत्र विकासाच्या कामांत सलग समतल चर व अनघड दगडी बांध घालताना ओळंबा लावलेली 'अ' आकाराची चौकट वापरली जाते. त्याच चौकटीने पायवाटेची आखणी करता येते. या कामाचा अनुभव असलेले मजूर गावोगाव आहेत व त्यांचे कौशल्य येथे थेट उपयोगी पडते.

बांधणी

उतारावर भर टाकून केलेली वाट खचते. म्हणून वाटेची पूर्ण रुंदी डोंगरात कोरून काढावी. ३० टक्के उतारावर १.२ मीटर रुंदीची पट्टी कोरताना डोंगराकडील बाजूस सुमारे ३६ सें.मी. खोदाई करावी लागते. म्हणजे प्रत्येक मीटर लांबीस ०.२१६ घनमीटर आणि एक किलोमीटरला सुमारे २१६ घनमीटर खोदकाम होते. कुदळ, पहार, फावडे व घमेले यांच्या साहाय्याने हे काम करता येते; यंत्राने केल्यास रुंदी अनावश्यक वाढते व झाडांची मुळे तुटतात.

वाटेला दरीच्या बाजूस सुमारे ५ टक्के कल द्यावा. १.५ मीटर रुंदीच्या वाटेत बाहेरील कड साडेसात सें.मी. खाली राहते व पाणी पातळ चादरीसारखे वाट ओलांडून जाते. शिवाय चढाच्या दिशेत ६ ते १५ मीटर अंतराने थोडीशी उतरण देऊन पुन्हा चढ घ्यावा. त्या खोलगट जागी साचू पाहणारे पाणी बाहेर पडते. ओहळ ओलांडताना सिमेंटचा नळ घालण्यापेक्षा दगडी फरसबंदी श्रेयस्कर, कारण नळ पालापाचोळ्याने तुंबतो.

पायथ्याच्या काळ्या मातीत प्रश्न वेगळा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. चिखल टाळण्यासाठी लोक कडेने चालतात आणि वाट दरवर्षी रुंद होत जाते. शक्यतो अशी जमीन टाळावी. ते शक्य नसल्यास दगडाचा थर व त्यावर दाबलेला मुरूम घालून वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच करावी. बैलगाडी जाणाऱ्या भागात रुंदी तीन मीटरपर्यंत ठेवावी. केवळ पादचाऱ्यांच्या भागात एक मीटर पुरेशी असते.

वापरकर्त्यांमधील प्राधान्य

पाश्चात्त्य देशांत सायकलस्वाराने पादचाऱ्याला व दोघांनीही घोड्याला वाट द्यावी, असा संकेत आहे. हिंगोलीच्या संदर्भात हा क्रम स्थानिक जीवनाला अनुसरून ठरवावा लागेल. जनावरांचा कळप, नंतर ओझे घेतलेली व्यक्ती, नंतर पायी यात्रेकरू व शेवटी सायकलस्वार, असा क्रम न्याय्य ठरतो. जो कामासाठी वाट चालतो, त्याला जो आनंदासाठी चालतो त्याने वाट द्यावी, हे यामागील सूत्र आहे. मोटारसायकलींना मात्र दोन दगडी खांबांच्या अरुंद प्रवेशाने पूर्ण मज्जाव करावा. गुरांसाठी त्याशेजारी वेगळी वाट ठेवावी.

या जिल्ह्यात वाहनविरहित वाटांना आणखी एक कारण आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. चार कि.मी. लांबीच्या दोन भुजा असलेले हे उपकरण जमिनीच्या सूक्ष्म कंपनांनाही संवेदनशील असते. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथे भोवतालच्या जंगलातील वृक्षतोडीच्या कंपनांमुळे दिवसा निरीक्षण कठीण झाले होते व कंपनरोधक यंत्रणा बसवावी लागली. वाहनांवर आधारित पर्यटनापेक्षा पायी पर्यटन या परिसराला अधिक मानवते, हे यावरून स्पष्ट होते.

देखभाल व महाविद्यालयांची भूमिका

पायवाट बांधून झाली की काम संपत नाही. पावसाळ्यापूर्वी खोलगट जागा मोकळ्या करणे, पावसाळ्यानंतर खचलेल्या कडा दुरुस्त करणे आणि उन्हाळ्यापूर्वी कडेचे वाळलेले गवत काढणे ही वार्षिक कामे होत. योग्य जागी असलेली वाट वणव्याच्या काळात जाळरेषेचेही काम करते. देखभालीची जबाबदारी व त्यासाठीचा निधी ग्रामसभा किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे आरंभापासून सोपविलेला असावा.

येथे महाविद्यालये मोलाचा वाटा उचलू शकतात. भूगोल विभागाने उताराचे मापन, वनस्पतिशास्त्र विभागाने वाटेच्या दोन्ही बाजूंच्या वनस्पतींची ठराविक चौकटीतील नोंद, तर समाजशास्त्र विभागाने वापरकर्त्यांचा अभ्यास करावा. वाटेची रुंदी व खोली ठराविक खुणांवर दरवर्षी मोजल्यास धूप वाढते की थांबते याचा पुरावा मिळतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात देखभालीची कामे सहज बसतात.

समारोप

बहुउपयोगी पायवाट ही खर्चाने लहान, पण परिणामाने मोठी अशी रचना आहे. ती चांगली आखली तर माती टिकते, वन्यजीवांना मोकळीक मिळते आणि अभ्यागताला निसर्गाचे दर्शन घडते. ती चुकली तर डोंगराची माती वाहून जाते, किंवा गुराख्याची वाट कुंपणाआड जाते. हे दोन्ही तोटे भरून निघण्यास फार काळ लागतो. म्हणून हिंगोलीसारख्या अल्प वनक्षेत्राच्या जिल्ह्यात पाण्याची वाट आणि पूर्वापार चालणाऱ्यांची वाट या दोहोंचा अभ्यास आधी व्हावा आणि पर्यटकांची वाट त्यानंतर आखली जावी.