चिझमची तोफ आणि कोरेगावचे पदक

वसईचा तह झाला तो इ.स. १८०२ च्या ३१ डिसेंबरला, आणि त्या तहान्वये पेशव्यांच्या मुलखात ठाण मांडून बसलेल्या इंग्रजी फौजेतील एक तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याच्या रोखाने रात्रीच्या अंधारात बाहेर पडली तीही ३१ डिसेंबरलाच, बरोबर पंधरा वर्षांनी. हा निव्वळ योगायोग होय, हे मान्य. तथापि ज्या कागदाने पेशवा दुसऱ्या बाजीरावास गादी मिळाली, त्याच कागदाने आणलेली फौज त्याची गादी घालविण्यास घोडनदीकाठच्या शिरूराहून निघावी, यातील काव्यगत न्याय नजरेआड करणे इतिहासाच्या वाचकास कठीण जाते.

तुकडीचा सरदार होता कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन. त्याच्यापाशी मुंबईच्या देशी पायदळातील पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे पाचशे शिपाई. त्याच वर्षी उभारलेल्या पुणे रिसाल्याचे अदमासे तीनशे स्वार. आणि मद्रास तोफखान्याच्या सहा पौंडी दोन तोफा, चोवीस गोरे गोलंदाज व त्यांचा अंमलदार लेफ्टनंट चिझम, इतका सरंजाम होता. कोरेगावच्या लढाईवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, परंतु ते बहुधा पायदळाविषयी व त्यातील जातींविषयी. तोफांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. वस्तुतः त्या दिवसाचे पारडे एकदा खाली गेले ते तोफेपायी आणि पुन्हा वर आले तेही तोफेपायीच.

रात्रभर सुमारे पंचवीस-सव्वीस मैल चालून तुकडी १ जानेवारी १८१८ रोजी सकाळी दहाच्या सुमारास भीमेच्या डाव्या तीरावरील कोरेगावापाशी आली, तो पलीकडे पेशव्यांची सारी फौज पसरलेली. तिचा आकडा पंचवीस-अठ्ठावीस हजार असा सांगतात; पण गावात शिरून प्रत्यक्ष झुंजली ती सहा-सहाशेंची तीन पथके, आणि त्यांत अरबांचा भरणा मोठा, ही गोष्ट आकड्याचे कौतुक करणारे सोयीस्करपणे विसरतात. स्टाँटनने गाव धरले आणि तोफा गावात शिरण्याच्या वाटांच्या तोंडाशी लावल्या.

येथे तोफखान्याचा एक बारकावा समजून घेतला पाहिजे. सहा पौंडी तोफ म्हणजे सहा पौंड वजनाचा गोळा फेकणारी हलकी रणतोफ. पण गल्लीच्या तोंडाशी गोळ्याहून छऱ्यांचा मारा अधिक भयंकर. प्रत्येक बारानंतर नळीत धुमसणाऱ्या ठिणग्या राहतात. त्या ओल्या बोळ्याने पुसल्यावाचून दारूची नवी थैली आत सारली, तर ती गजाखालीच पेट घेते आणि गज सारणाऱ्याचे हात जातात. म्हणून थैली, गोळा, रंजक व बत्ती यांच्याइतकीच तोफेला पाण्याची बादली आवश्यक. आणि नेमके पाणीच तेथे नव्हते! नदी हाकेच्या अंतरावर, पण तिची वाट शत्रूने रोखलेली. रात्रभर चाललेली माणसे दिवसभर उन्हात तहानेने कासावीस झालेली. त्या दिवशी माणसाची आणि तोफेची तहान एकच होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दिवस कलण्याच्या सुमारास अरबांनी निकराचा हल्ला करून एक तोफ हस्तगत केली. तिच्यावरचे बहुतेक गोलंदाज कापले गेले आणि चिझम पडला. तेव्हा लेफ्टनंट पॅटिन्सन, सहा फूट सात इंच उंचीचा हा अधिकारी, स्वतः जबर जखमी होऊन पडला असताही उठला, बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने वाट काढीत आपल्या शिपायांसह तोफेवर गेला, आणि दुसरी गोळी लागून कोसळेपर्यंत त्याने हात आवरला नाही. तोफ परत मिळाली. तिच्याजवळ चिझमचे धड सापडले, शिर नव्हते. तत्पूर्वी काही गोलंदाज शरण जाण्याची भाषा बोलू लागले होते; स्टाँटनने ते धड दाखवून त्यांना सांगितले की, शत्रूच्या हाती लागणाऱ्याची ही गत होते. मेलेल्या अंमलदाराने आपल्या माणसांना जागेवर उभे ठेवल्याची अशी उदाहरणे विरळा.

रात्री नऊच्या सुमारास मारा थांबला आणि पाणी मिळाले. इंग्रजांचा जनरल स्मिथ पाठीवर येत असल्याने पेशव्यांनी दक्षिणेचा रस्ता धरला. स्टाँटनही पुण्यास न जाता जखमी घेऊन शिरूरास परतला. ज्यास उभय पक्षांनी पाठ दाखविली त्या रणांगणावर विजय कोणाचा, हा वाद मी वकिलांवर सोपवितो. गोलंदाजांपैकी सुमारे वीसजण ठार वा जखमी झाले होते, एवढे मात्र निर्विवाद.

आता पदकांची हकीकत. स्टाँटनला कंपनीकडून तलवार व पाचशे गिनींची थैली मिळाली, तो गव्हर्नर जनरलचा एडीसी झाला. रणभूमीवर १८२१ साली पासष्ट फुटी स्तंभाचा पाया घातला गेला. त्यावर कोरलेल्या ४९ मृतांपैकी २२ नावे ‘नाक’ प्रत्ययान्त, म्हणजे महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले ते याच नावांसाठी. पण छातीवर लावायचे पदक? ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झाले १८५१ साली! चांदीचे, एका बाजूस राणी व्हिक्टोरियाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस ताडाच्या झाडापाशी बसलेली विजयदेवता, फिकट निळी फीत. आणि लढायांच्या नावांच्या एकवीस पट्ट्यांपैकी एक ‘कोरीगॉम’. अट एकच: मानकरी हयात पाहिजे.

तेहेतीस वर्षांनी हयात कोण होते? चिझम त्याच दिवशी गेला. पॅटिन्सन त्या जखमांनीच गेला. स्टाँटन १८२५ साली वारला. रिसाल्याचा अंमलदार स्वान्स्टन, ज्याने पुढे बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना अहेरगावी पकडले, तो नोकरी सोडून टास्मानियात सावकारी पेढीचा कारभारी झाला आणि १८५० साली समुद्रावर मरण पावला. पदक एका वर्षाने हुकले. मेलबर्न शहरातील एक प्रमुख रस्ता आजही त्याचे नाव धारण करतो. काही म्हाताऱ्या शिपायांच्या छातीवर मात्र ती पट्टी चढली, याचे मला समाधान वाटते.

शिरूरच्या गोऱ्यांच्या दफनभूमीतील एका कबरीला मात्र सरकारी मंजुरी लागली नाही. असईच्या लढाईत एका ब्रिगेडचे आधिपत्य केलेला कर्नल वॉलेस १८०९ साली येथे वारला. आसपासच्या गावकऱ्यांनी त्यास ‘सत्पुरुष’ ठरविले आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर ठेवण्याचा प्रघात पडला. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात याची नोंद आहे.

कोरेगावाखालून वाहणारी भीमा पुढे शिरूर व दौंड या तालुक्यांमधली शीव होऊन दौंडास पोहोचते. तेथून लोहमार्ग गेला, मनमाडचा फाटाही १८७८ साली तेथूनच निघाला, आणि शिरूर बाजूस राहिले. छावणी गेली; पण त्या रात्री स्टाँटनबरोबर निघालेला रिसाला गेला नाही. तो आज ‘पूना हॉर्स’ नावाचे रणगाडा दल आहे. १९६५ साली लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि १९७१ साली सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, या त्याच्या दोन अधिकाऱ्यांना परमवीर चक्र मिळाले. दोन्ही मरणोत्तर.