अकरावीचे गणित : उजळणीला घराची साथ

मार्च उजाडला की आपल्या घरांत दोन गोष्टींची चर्चा असते. एक रमजानची, दुसरी परीक्षांची. दहावी आणि बारावीच्या मुलांकडे सगळ्या घराचे लक्ष असते. त्यांच्यासाठी टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना सबबी सांगितल्या जातात, दादी तस्बीह घेऊन दुआ मागत बसते. त्याच घरात अकरावी विज्ञान शाखेत शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. "अकरावीच तर आहे, कॉलेजचीच परीक्षा, पास करतातच," असे म्हणून विषय संपतो.

आम्हा शिक्षकांना याच वाक्याची काळजी वाटते. अकरावीची परीक्षा बोर्ड घेत नाही, ती ज्याचे त्याचे कनिष्ठ महाविद्यालय घेते, हे खरे. पण मुलगा पुढे गणित ठेवणार की सोडणार, याचा निर्णय बहुतेक वेळा याच परीक्षेच्या निकालावर होतो. मार्कशीटवर पस्तीस-चाळीस गुण दिसले की घरातली मोठी माणसे म्हणतात, "जमत नाही ना, मग सोडून दे." मुलींच्या बाबतीत हे वाक्य आणखी लवकर बोलले जाते.

गणित सोडले की अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, वास्तुशास्त्र आणि व्यापारी जहाजावर अधिकारी होण्याची वाट बंद होते. कोकणातल्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर रोजी कमावली. आज त्याच जहाजावर अधिकारी म्हणून चढायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. उलव्याच्या आसपास तर हे सगळे डोळ्यांसमोर आहे. एका बाजूला न्हावा-शेवाचे बंदर, दुसऱ्या बाजूला नवी मुंबईचा विमानतळ, आणि २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू. ही कामे ज्या विद्येवर उभी राहतात, तिचा पाया अकरावीच्या पुस्तकात आहे.

उलव्यातली अनेक मुले बामणडोंगरी किंवा खारकोपरहून गाडी पकडून नेरूळ, बेलापूरकडे कॉलेजला जातात. कोणी उरण गाठतात, कोणी पनवेल. जाणे-येणे, कॉलेज, क्लास यांतून घरी बसून उजळणी करायला वेळ थोडाच उरतो. म्हणून तो वेळ नेमका कशावर घालवायचा, हे आधी ठरवले पाहिजे.

पुस्तकात आहे तरी काय?

बालभारतीच्या अकरावी विज्ञान शाखेच्या गणिताचे दोन भाग आहेत. प्रत्येकात नऊ, अशी एकूण १८ प्रकरणे. आकडा ऐकून मुले घाबरतात. पण ही १८ प्रकरणे म्हणजे पाच-सहा घराणीच आहेत. कोन आणि त्रिकोणमितीची तीन प्रकरणे एका घराण्यातली. सरळ रेषा, वर्तुळ आणि शंकुच्छेद दुसऱ्या. क्रमपर्याय व संयोग, द्विपद प्रमेय आणि संभाव्यता ही मोजणीची. संमिश्र संख्या आणि श्रेढी ही संख्यांची. संच, फल, सीमा, सातत्य आणि विकलन हे सर्वांत मोठे घराणे, कारण बारावीचे कलनशास्त्र त्याच्यावरच उभे आहे. उरली दोन सुटी प्रकरणे : सारणिक व मॅट्रिक्स आणि विचलनाची मापे.

एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुणांचे. त्यांतले साधारण २० टक्के अकरावीच्या निवडक प्रकरणांवर येतात. म्हणजे जवळपास १० प्रश्न, २० गुण. जेईईमध्ये तर अकरावी-बारावी असा भेदच नाही. आज नीट उजळणी केलेले मूल पुढच्या वर्षी हे २० गुण हातात घेऊनच सुरुवात करते.

ही विद्या परकी नाही

"हे सगळे इंग्रजांचे, आपल्याला काय कळणार," असे काही पालक म्हणतात. त्यांना एका शब्दाचा प्रवास सांगावासा वाटतो. आर्यभटाच्या परंपरेत वर्तुळाच्या अर्ध्या जीवेला 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणत. ही विद्या अरबी विद्वानांकडे गेली तेव्हा त्यांनी तो शब्द 'जीब' असा उचलला. अरबी लिपीत तो 'जैब' असाही वाचता येतो, आणि जैब म्हणजे कपड्याची घडी, खिसा. आपण उर्दूत खिशाला जेब म्हणतो, तोच हा शब्द. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी घडीसाठी आपला 'सायनस' हा शब्द ठेवला, आणि तोच आज मुलांच्या वहीत 'साइन' होऊन बसला आहे.

उलट दिशेचा प्रवासही झाला. भास्कराचार्यांचा 'लीलावती' हा ग्रंथ ११५० चा. चाळीसगावजवळच्या पाटणे गावातला शिलालेख या घराण्याची साक्ष देतो. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने हा ग्रंथ फारसीत आणला.

बगदादमध्ये नवव्या शतकात अल-ख्वारिज्मी यांनी 'अल-जब्र'वर जे पुस्तक लिहिले, त्याचा मोठा भाग वसीयत आणि वारसाहक्काच्या वाटणीची उदाहरणे सोडवण्यात गेला आहे. अल-बिरूनी यांनी पंजाबातल्या नंदना इथल्या डोंगरावरून क्षितिज किती अंश खाली झुकलेले दिसते ते मोजले, आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. नसीरुद्दीन तूसी यांनी तेराव्या शतकात त्रिकोणमितीला खगोलशास्त्रापासून वेगळे करून स्वतंत्र शास्त्राचा दर्जा दिला. उमर खय्याम रुबायांमुळे प्रसिद्ध, पण घन समीकरणे त्यांनी शंकुच्छेदांच्या छेदबिंदूंवरून सोडवली. अकरावीच्या पुस्तकातले 'शंकुच्छेद' ते हेच. मुलांना ही नावे नुसत्या अभिमानासाठी सांगू नयेत. त्या माणसांनी दिवसचे दिवस आकडेमोड केली, हेही सोबत सांगावे.

असरची सावली, त्रिकोणमितीचा धडा

उजळणीची सुरुवात घरातल्याच एका गोष्टीने करता येते. असरची वेळ सावलीवरून ठरते. माध्यान्हीला जी सावली असते ती वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की शाफई मसलकानुसार असरची वेळ सुरू होते. हनफी मसलकात सामान्यतः दुप्पट सावली धरतात. कोकणी घरांत शाफई आणि शेजारच्या घरात हनफी, असे उलव्यातल्या एकाच इमारतीत दिसते.

आता गणित पाहा. सावली भागिले उंची म्हणजे सूर्याच्या उन्नत कोनाचा 'कॉट'. आपल्याकडे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस असे दिवस येतात, जेव्हा दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सावली नाहीशी होते. त्या दिवशी शाफई असरला कॉटची किंमत १, म्हणजे सूर्य ४५ अंशांवर. हनफी असरला कॉट २, म्हणजे साधारण साडेसव्वीस अंशांवर.

डिसेंबरच्या २२ तारखेला काय होते? तेव्हा दुपारीही सूर्य साधारण ४७.६ अंशांवरच असतो. एक मीटर काठीची सावली दुपारीच ०.९१ मीटर पडते. शाफई असरला ती १.९१ मीटर व्हायला हवी. त्यावरून कोन साधारण साडेसत्तावीस अंश येतो. मशिदीत भिंतीवर लावलेले वेळापत्रक याच गणितातून तयार होते. गच्चीत काठी उभी करून मुलाने हे एकदा मोजले, तर टॅन आणि कॉट यांतला फरक त्याला पाठ करावा लागणार नाही.

रेषेच्या चढाचेही असेच. उतरणाऱ्या विमानाचा मार्ग साधारण ३ अंशांचा असतो. टॅन ३ अंश म्हणजे ०.०५२४. विमान उतरण्याच्या जागेपासून ५ किलोमीटरवर असेल, तर त्याची उंची ५००० गुणिले ०.०५२४, म्हणजे सुमारे २६२ मीटर. 'चढ म्हणजे कोनाचा टॅन' हे सूत्र खिडकीतून शिकता येते.

गुण कुठे जातात?

उत्तरपत्रिका तपासताना त्याच त्या चुका पुन्हापुन्हा दिसतात. पालकांनी ही यादी मुलांच्या टेबलावर लावावी.

पहिली, कंस उघडण्याची. साइन (३० + ६०) म्हणजे साइन ३० अधिक साइन ६० असे मुले लिहितात. खरी किंमत १ आहे, आणि तसे लिहिले तर १.३६६ येते. साइन कधी १ पेक्षा मोठा नसतो, एवढे आठवले तरी चूक लगेच पकडता येते.

दुसरी, अंश आणि रेडियनची. क्ष शून्याकडे जाताना साइन क्ष भागिले क्ष यांची सीमा १ येते, ती कोन रेडियनमध्ये असेल तरच. अंशांत मोजले तर उत्तर ०.०१७४५ च्या जवळ जाते.

तिसरी, चिन्हांची. क्ष² + य² − ४क्ष + ६य − १२ = ० या वर्तुळाचे केंद्र (२, −३) आणि त्रिज्या ५. अर्धी मुले केंद्र (−२, ३) लिहून मोकळी होतात. केंद्र काढल्यावर वर्गपूर्ती करून ताळा पाहिला की दोन गुण वाचतात.

चौथी, क्रम मोजायचा की नाही याची. पाच जणांतून दोघांची समिती निवडायची तर १० प्रकार. त्याच पाच जणांतून एक अध्यक्ष आणि एक सचिव निवडायचा तर २०. प्रश्न वाचून 'जागा बदलल्या तर फरक पडतो का?' असे स्वतःला विचारावे.

पाचवी, शून्य भागिले शून्य दिसले की 'उत्तर शून्य' लिहिणे. तिथे सीमा काढायचे काम नुकते सुरू झालेले असते. अवयव पाडायचे, समान अवयव काढून टाकायचा, मग किंमत घालायची.

चौदा दिवसांचा आराखडा

पहिल्या दिवशी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी, पुस्तक न उघडता. कुठे अडले ते त्यातून कळते. दुसरा-तिसरा दिवस त्रिकोणमितीला, चौथा-पाचवा रेषा, वर्तुळ, शंकुच्छेदांना. सहा ते आठ हे तीन दिवस फल, सीमा, सातत्य आणि विकलनाला. नववा-दहावा मोजणी आणि संभाव्यतेला. अकरावा संमिश्र संख्या व श्रेढीला, बारावा मॅट्रिक्स व विचलनाला. तेराव्या दिवशी पुन्हा पूर्ण पेपर. चौदाव्या दिवशी नवे काही करू नये, फक्त चुकांची वही वाचावी.

ही चुकांची वही सर्वांत मोलाची. चुकलेले उदाहरण, चूक कोणत्या ओळीत झाली, आणि बरोबर पायरी कोणती, एवढेच तीत लिहावे. सोडवलेली उदाहरणे नुसती वाचून 'समजले' असे वाटते, पण हात चालल्याशिवाय गणित येत नाही. उत्तर झाकून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवता आले, तरच ते आपले झाले.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान सध्या परीक्षांच्या दिवसांत येतो. २०२५ मध्ये तो मार्चच्या आरंभी सुरू झाला, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. रोजा ठेवून अभ्यास होत नाही असे मुळीच नाही, फक्त वेळा बदलाव्या लागतात. सहरी आणि फजरनंतरचा दीड तास अवघड उदाहरणांना द्यावा. जुहरनंतर थोडी झोप. असरनंतर थकवा असतो, तेव्हा नुसती सूत्रे लिहून पाहावीत. तरावीहनंतर जागत बसू नये, नाहीतर सहरीला उठणे आणि अभ्यास दोन्ही बिघडते. आणि एक विनंती : या दिवसांत इफ्तारीची सगळी तयारी मुलीवर टाकू नका. पकोडे भाऊही तळू शकतो.

अम्मीला गणित येत नसेल तर?

तरीही ती मदत करू शकते. सूत्रांचा कागद हातात घेऊन ती मुलाला विचारू शकते, "हे कशासाठी वापरतात, सांग बघू." जे मूल आईला साध्या शब्दांत समजावू शकते, त्याला ते समजलेले असते. जे अडखळते, त्याला आपण कुठे कच्चे आहोत ते कळते.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण वेगळी आहे. दहावीपर्यंत ज्याला त्यांनी दायरा किंवा वर्तुळ म्हटले, मुसल्लस किंवा त्रिकोण म्हटले, ते अकरावीत एकदम इंग्रजीत येते. मूल गणितात नव्हे, शब्दांत अडते. अशा मुलांनी वहीच्या शेवटच्या पानांवर तिन्ही भाषांतले शब्द शेजारी-शेजारी लिहावेत. साठ-सत्तर शब्दांची ही यादी झाली की पुस्तक अर्धे सोपे होते.

शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना करू नये. आणि निकाल कमी आला तर त्याच रात्री 'गणित सोड' असा निर्णय घेऊ नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्रिकोणमिती आणि फल, ही दोन घराणी पक्की केली तरी बारावी सावरते, हे आम्ही वर्गात पाहत आलो आहोत.

इल्म वाढवण्याची दुआ आपल्या घरांत लहान मुलांनाही पाठ असते. ती मागून झाल्यावर अकरावीच्या मुलासमोर कोरा कागद ठेवा, घड्याळ लावा, आणि तासभर घरात शांतता राहील याची जबाबदारी घ्या. अल्लाह आपल्या मुलामुलींच्या मेहनतीत बरकत देवो. आमीन.