कर्ज काढतो एक, फेडतो दुसराच! जुनी मराठी नाटकं पैशाबद्दल काय सांगतात?

रत्नागिरीहून सागरी मार्गाने गणपतीपुळ्याकडे निघालं की वाटेत आरे-वारेचे जोडकिनारे लागतात. पर्यटकांसाठी हा फोटोचा थांबा. किनारपट्टीवर राहणाऱ्या कुटुंबांपुढचा प्रश्न मात्र वेगळा असतो. घराला दोन खोल्या जोडून होम स्टे सुरू करायचा, तर भांडवल कुठून आणायचं? आंब्याच्या हंगामाआधी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, की घरातलं सोनं गहाण ठेवायचं?

रत्नागिरी हा नाटकवेडा जिल्हा. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र इथे आहे आणि गावोगावच्या उत्सवांतही नाटकं होतात. मराठी रंगभूमीवरची तीन जुनी नाटकं पैशाच्या व्यवहाराकडे पाहायची एक साधी रीत शिकवतात: भार शेवटी कोणावर पडतो, ते आधी बघा.

'शारदा': सौदा बापाचा, किंमत मुलीची

गोविंद बल्लाळ देवल यांचं 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभाने कांचनभट आपल्या कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवतो. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित दोन्हीकडे गोड बोलून सौदा जुळवतो. पैसे बापाला मिळणार, मध्यस्थाचाही फायदा होणार. मोल चुकवायचं ते शारदेने आणि तिला कोणी विचारलेलंही नाही.

'मृच्छकटिक': ठेव हरवली, हार बायकोचा गेला

शूद्रकाचं हे संस्कृत नाटक देवलांनीच मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. दानधर्मात सगळी संपत्ती संपलेल्या चारुदत्ताकडे वसंतसेना दागिने ठेवायला देते. ते चोरीला जातात. साक्षीदार कुणी नाही, त्यामुळे ठेव मिळालीच नाही असं सांगून टाकू, असं मित्र मैत्रेय सुचवतो. चारुदत्त ते मानत नाही. पण भरपाई करायला त्याच्याकडे काहीच नसतं. तेव्हा त्याची पत्नी धूता माहेरहून मिळालेला रत्नहार काढून देते. नवऱ्याचा शब्द राहतो, तो तिच्या दागिन्यावर.

'एकच प्याला': कमाई थांबली, जातं सुरू झालं

राम गणेश गडकरी यांचं हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. हुशार वकील सुधाकरची सनद काही काळासाठी रद्द होते आणि तो दारूच्या आहारी जातो. घर चालवायला सिंधू लोकांची दळणं दळू लागते. इथे कर्जाचा कागद नाही, सावकारही नाही. तरी एका माणसाच्या व्यसनाची वसुली संपूर्ण घराकडून होते.

आजचा कायदा काय सांगतो?

*स्त्रीधन:* लग्नात किंवा माहेरहून मिळालेले दागिने ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे. अडचणीच्या वेळी पतीने ते वापरले, तरी ते किंवा त्यांची किंमत परत करणं हे त्याचं नैतिक कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मधील निकालात स्पष्ट केलं.

*जामीनदार:* भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही नमूद नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'फक्त सही कर' म्हणून केलेली सही थकबाकीच्या वेळी पूर्ण रकमेची ठरू शकते.

सही करण्याआधी तीन प्रश्न

१. हप्ता थकला तर पहिला फटका कोणाला बसेल? दागिने, बाग, जमीन, की जामीन राहिलेला भाऊ?

२. त्या व्यक्तीला हे माहीत आहे का आणि तिची संमती विचारून घेतली आहे का?

३. व्यवहार जुळवणाऱ्याला त्यातून काय मिळतं? व्यापाऱ्याची उचल घेतली असेल, तर माल त्यालाच द्यायची अट आहे का? दर कोण ठरवणार?

कर्ज घेणं वाईट, असं ही नाटकं म्हणत नाहीत. धूता हार देते तो स्वतःच्या मर्जीने, म्हणून तिथे घराची अब्रू वाचते. शारदेला कुणी विचारत नाही, म्हणून तिथे लग्नाचा बाजार होतो. होम स्टेच्या दोन खोल्यांसाठी सोनं गहाण ठेवताना हा फरक विसरून चालणार नाही. बँकेच्या अर्जावर नाव कुणाचंही असो, ज्याच्या वस्तूवर कर्ज उभं राहतंय त्याच्याशी बोलणं बँकेत जाण्याआधी, घरातच व्हायला हवं.