बारगीर आणि बर्गी

टांगेवाल्याने सहज विचारलं, "कुठून आलात?" "महाराष्ट्रातून," असं सांगताच तो हसला. "म्हणजे तुम्ही बर्गी!" त्याच्या हसण्यात राग नव्हता, माझं हसू मात्र अर्ध्यावरच थांबलं.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याला घोडा नि हत्यार सरकारातून मिळे, तो स्वार. आपल्याकडे हा साधा लष्करी शब्द. बंगालमध्ये मात्र तो अंगाईत शिरला आहे. मूल झोपेना की आई बर्गींची भीती घालते.

भागीरथीकाठचं मुर्शिदाबाद ही १८व्या शतकातली बंगालच्या नवाबांची राजधानी. इथला हजारदुआरी राजवाडा १८३७ साली पुरा झाला. दारं हजार, पण त्यांतली शंभर खोटी, भिंतीवर नुसती भासवलेली. खरी-खोटी ओळखण्यात मुलं रमून जातात. कटरा मशिदीत जिन्याखाली मुर्शिद कुलीखानाची कबर आहे. शहराला नाव दिलं ते यानेच. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं आपल्यावरून जावीत, ही त्याची इच्छा होती म्हणतात.

माझं मन मात्र त्या एका शब्दातच अडकलं होतं. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर चौथाईसाठी बंगालमध्ये उतरले. नवाब अलीवर्दीखान बाहेर असताना मराठी स्वार मुर्शिदाबादेत शिरले, जगत्शेठांची पेढी लुटली गेली. खेडीपाडी जळाली, माणसं घरदार टाकून नदीपलीकडे पळाली. कोलकात्याच्या इंग्रजांनी तर धास्तीने खंदक खणला. त्याचं नावच 'मराठा डिच'. १७४४मध्ये अलीवर्दीने बोलणीच्या निमित्ताने भास्करपंतांना मनकऱ्याला बोलावलं आणि दग्याने मारलं. लहानपणी मी ऐकला होता तो हा दगा. जळलेल्या खेड्यांबद्दल कोणी बोललं नव्हतं. स्वाऱ्या थांबल्या त्या १७५१च्या तहाने. सालीना १२ लाख चौथाई ठरली.

उन्हं कलल्यावर नावेने पलीकडे खुशबागेत गेलो. तिथे अलीवर्दी आणि त्याचा नातू सिराजउद्दौला चिरविश्रांती घेत आहेत. तहानंतर अवघ्या सहा वर्षांत प्लासी झाली आणि बंगाल इंग्रजांच्या मुठीत गेला. त्या कबरींपाशी मी नकळत हात जोडले.

परतलो तेव्हा टांगेवाला घाटावर थांबला होता. त्याने सांगितलं तेवढं भाडं मुकाट्याने दिलं. बर्गीने बंगालमध्ये घासाघीस करणं बरं दिसलं नसतं.