हलक्या विमानातील अग्निभय

दोन-चार आसनांच्या हलक्या विमानात इंजिन आणि वैमानिकाचे पाय यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. त्यास अग्निभित्ती म्हणतात. नाव भारदस्त असले तरी ही भिंत बहुधा गंजरोधक पोलादाच्या सुमारे 0.38 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची असते. सुमारे 1,100 अंश सेल्सिअस तापमानाची ज्वाला तिने 15 मिनिटे अडवून धरावी, अशी अपेक्षा असते. तेवढ्या अवधीत वैमानिकास जमीन गाठावयाची असते.

उडत्या विमानात इंजिनाच्या आवरणाआड लागलेल्या आगीपर्यंत वैमानिकाचा हात पोहोचत नाही. म्हणून तो तिला उपाशी ठेवतो. इंधनाची तोटी बंद करणे हे पहिले काम. मग विजेचा मुख्य खटका आणि आसनकक्षाला ऊब देणारी झडप. ही झडप विसरून चालत नाही, कारण ऊब येते ती धुराड्याभोवतालच्या हवेतून आणि तिची वाट अग्निभित्तीतूनच काढलेली असते. यानंतर विमान एका कुशीवर घसरते ठेवून ज्वाला आसनकक्षापासून दूर राखावयाची आणि इंजिनाविना उतरावयाचे.

जमिनीवर इंजिन सुरू करताना पेट्रोल अधिक झाले, तर कार्बुरेटरात भडका उडतो. अशा वेळी इंजिन फिरवीतच राहावे, म्हणजे ज्वाला आत ओढली जाते. हा उपाय प्रथमदर्शनी उफराटा वाटतो खरा! तो साधला नाही तर इंधन तोडून खाली उतरावे.

मोटर-ग्लायडरची अडचण निराळी. त्यांपैकी अनेकांत इंजिन एका खांबावर बसविलेले असून काम संपताच ते वैमानिकाच्या पाठीमागे धडात मिटते. तापलेले इंजिन, जवळच इंधनाची टाकी आणि वरून बंद झालेली दारे! शिवाय धड काचतंतू व राळ यांचे. ही राळ उन्हाच्या तापानेही दुबळी होते. अशी ग्लायडरे पांढरी रंगवितात ती त्यामुळेच. आग पाठीमागे असल्याने ती वेळीच दिसेलच असे नाही. म्हणून इंजिनकक्षात उष्णता हेरणारा घटक ठेवून त्याचा इशारा देणारा दिवा वैमानिकासमोर बसवितात. इंजिन पेटले असल्यास ते मिटून आत घेणे हे संकट घरात घेण्यासारखेच होय.

विजेवर चालणाऱ्या ग्लायडरांत पेट्रोल नसते, परंतु लिथियम बॅटरी असते. तिच्यातील एक घट बिघडून तापला की त्याची उष्णता शेजारच्या घटांस पेटविते. येथे बंद करावयास तोटीच नाही. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात पारहॅमच्या धावपट्टीवर 2017 च्या ऑगस्टमध्ये अशाच एका ग्लायडरच्या आसनामागील बॅटरीने पेट घेतला. वैमानिक सुखरूप बाहेर पडला. त्या वेळी विमान जमिनीवर टेकलेले होते.