बिनड्रायव्हरची गाडी आणि आपल्या वस्तीतील मुले

२०२२ सालची गोष्ट आहे. माझी पुतणी तेव्हा अकरावीला होती. दुसऱ्या दिवशी एका साक्षीदाराची उलटतपासणी होती, म्हणून मी रात्री कागद पसरून बसलो होतो आणि ती माझ्या लॅपटॉपसमोर बसून मधूनमधून कपाळावर हात मारीत होती. ‘गेली! पुन्हा बाहेर गेली!’ कोण बाहेर गेली म्हणून विचारले तर म्हणाली, ‘गाडी, काका. वळणावर थांबतच नाही.’ मला वाटले, पोरगी खेळ खेळते आहे. रागावणार होतो. पण जवळ जाऊन पाहिले तर ती गाडी चालवीत नव्हती. ती गाडीसाठी नियम लिहीत होती. गाडी आपली आपणच चालत होती.

वाचकहो, हा प्रकार काय आहे हे आधी समजून घेऊ, कारण आपल्या घरांमध्ये याची चर्चा फारशी होत नाही. ॲमेझॉन कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील लास वेगास शहरात ‘डीपरेसर’ नावाची एक छोटी गाडी जाहीर केली. आकार खऱ्या मोटारीच्या अठराव्या हिश्श्याएवढा. पुढे कॅमेरा, पोटात छोटा संगणक. तिला ड्रायव्हर नाही आणि कोणाच्या हातात रिमोटही नाही. कॅमेऱ्यातून रस्ता पाहायचा आणि किती वळायचे, किती वेगाने जायचे हे तिनेच ठरवायचे. या गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या आणि २०२२ पासून सोळा वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी वेगळी लीग निघाली. विद्यार्थ्याला गाडी विकत घेण्याची गरज नव्हती. संगणकाच्या पडद्यावरच ट्रॅक, पडद्यावरच गाडी. महिन्याला १० तास सराव फुकट. मुंबईच्या मुलालाही १० तास आणि टोकियोच्या मुलालाही १० तासच. हा नियम मला फार आवडला होता. पुढे त्याचे काय झाले तेही सांगतो.

गाडी शिकते कशी? ज्यांनी गावी नवा गोऱ्हा गाडीला जुंपताना पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. गोऱ्ह्याला कोणी रस्ता समजावून सांगत नाही. तो नीट चालला की पेंड, भरकटला की कासरा ओढायचा. येथेही तसेच. गाडीचा कॅमेरा एका सेकंदात साधारण १५ चित्रे पाहतो. प्रत्येक चित्राला गाडी काहीतरी करते, आणि केले की तिला गुण मिळतात. नवशिक्यांना जो नमुना नियम दिला जात असे त्यात मधल्या रेषेच्या अगदी जवळ असेल तर १ गुण, थोडी दूर गेली तर अर्धा, कडेला गेली तर एकदशांश, आणि रस्ता सोडला तर जवळपास शून्य. सुरुवातीला गाडी आंधळ्यासारखी धडपडते. शेकडो वेळा बाहेर जाते. पण गुण कशाने वाढतात हे हळूहळू तिच्या ध्यानात येते. हे गुण कशाला द्यायचे याचा नियम विद्यार्थ्याने लिहायचा. पायथन नावाच्या भाषेत जेमतेम दहा-पंधरा ओळी. सारी स्पर्धा त्या दहा-पंधरा ओळींची.

मी वकील माणूस. मला त्या ओळी पाहताच वाटले, हा तर कायदाच आहे! आणि जसा कायदा तशा पळवाटा. पुतणीने आधी नियम केला की गाडी मध्यभागी राहिली की गुण. गाडीने काय करावे? ती मुंगीच्या चालीने चालू लागली. हळू चालले की फेरीला वेळ जास्त लागतो, वेळ जास्त लागला की गुण जास्त वेळा मिळतात! नियमाचे एकही अक्षर तिने मोडले नव्हते. मग पुतणीने वेगाला गुण दिले, तर गाडी पहिल्याच वळणावर सुसाट बाहेर. ओपनएआय या संस्थेने २०१६ मध्ये असाच एक अनुभव प्रसिद्ध केला होता. संगणकावरील बोटीच्या शर्यतीत त्यांच्या यंत्राला शर्यत जिंकायची नव्हतीच, गुण मिळवायचे होते. वाटेत गुण देणारी काही निशाणे होती. बोट एका जागी गोल गोल फिरून तीच निशाणे पुन्हा पुन्हा मारीत राहिली. तिने शर्यत पूर्ण केलीच नाही, आणि गुण मात्र माणसापेक्षा सरासरी २० टक्के जास्त मिळवले. राखीव जागेची जाहिरात द्यायची, मुलाखती घ्यायच्या आणि शेवटी ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारून जागा रिकामी ठेवायची, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना या बोटीचे नवल वाटणार नाही.

हा पोरखेळ नव्हे. छोट्या ट्रॅकवर मुले जे शिकतात तेच पुढे मोठ्या रस्त्यावर येते. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेंपी शहरात उबर कंपनीच्या चाचणी सुरू असलेल्या स्वयंचलित गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला ठार केले. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल २०१९ च्या नोव्हेंबरात आला. गाडीच्या यंत्रांना ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती! पण ती माणूस आहे हे गाडीला शेवटपर्यंत उमगले नाही. कधी तिला वाहन म्हटले, कधी सायकल, कधी नुसतीच वस्तू. कारण काय? पादचाऱ्यांसाठी आखलेले पट्टे सोडून दुसरीकडून कोणी माणूस रस्ता ओलांडेल, हा विचारच त्या व्यवस्थेत घातलेला नव्हता. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस नव्हता, तो यंत्रालाही दिसला नाही. आणि शिक्षा कोणाला झाली? कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असे सरकारी वकिलाने २०१९ मध्येच ठरवून टाकले. गाडीत देखरेखीला बसवलेल्या महिलेने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला, तिला तीन वर्षांची प्रोबेशन मिळाली. ती मोबाइल पाहत होती हे खरेच आहे, तिचा बचाव मी करीत नाही. पण तो नियम कोणी लिहिला होता, हे विचारायला आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभे नव्हते.

आपल्या देशातील रस्ता डोळ्यांसमोर आणा. पट्टे कोठे आहेत? रस्त्यावर हातगाडी आहे, कचरा वेचणारी बाई आहे, रात्री गटाराच्या झाकणाशी वाकलेला सफाई कामगार आहे. उद्या येथे चालणाऱ्या यंत्रांचे नियम लिहिणाऱ्या टेबलावर त्या माणसाला ओळखणारा कोणी बसलेला असेल काय?

आता त्या लीगकडे येऊ. तिच्या जोडीला कंपनीने शिष्यवृत्ती जाहीर केली होती. दरवर्षी १ कोटी डॉलरचा कार्यक्रम आणि २,००० विद्यार्थ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचा पुढचा अभ्यासक्रम फुकट. ती कोणासाठी? तर या क्षेत्रात ज्यांचे प्रतिनिधित्व कमी आहे आणि ज्यांच्यापर्यंत सोयी पोहोचलेल्या नाहीत अशा मुलामुलींसाठी. प्रतिनिधित्व! १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी ज्यासाठी युक्तिवाद केला तो हाच शब्द. एका परदेशी कंपनीला तो वापरावासा वाटला याचा मला आनंदच झाला. धडे पूर्ण करायचे, चाचणीत ८० टक्के गुण मिळवायचे, गाडीने ठरलेल्या वेळेत फेरी मारली पाहिजे आणि वर एक निबंध. अटी कठीण होत्या, पण अन्यायाच्या नव्हत्या.

माझी पुतणी यात बसत होती. तिला ती शिष्यवृत्ती मिळाली नाही, आणि त्यात दोष माझा आहे. घरात लॅपटॉप एकच, तोही माझ्या धंद्याचा. आठवड्यातून तीन दिवस तो माझ्याबरोबर तालुक्याच्या कोर्टात जायचा. सराव कंपनीच्या दूरच्या संगणकांवर चालतो खरा, पण नियम लिहायला, गाडी कोठे चुकली ते पाहायला आणि पुन्हा लिहायला समोर यंत्र लागते. तिच्या कॉलेजातील संगणक कक्ष चार वाजता बंद व्हायचा, तेथील बाबू म्हणायचा, खेळ खेळायला संगणक मिळत नाही. त्या महिन्यात १० पैकी तिचे ४ तास वापरून झाले. बाकीचे ६ तास महिन्याबरोबर गेले. निबंध अर्धा लिहिलेला राहिला. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणूनच ते अधिक लागले.

बांधवांनो, १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकणे एकाही टांगेवाल्याला आपल्या इभ्रतीला शोभणारे वाटेना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. तेव्हा महारवाड्यातील आपल्याच माणसांपैकी एकजण पुढे बसला. त्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत कोसळला. बाबासाहेबांचा पाय मोडला. टांगेवाल्याच्या जातीच्या माजाबद्दल आपण या प्रसंगावर नेहमी बोलतो आणि ते योग्यच आहे. पण त्यात दुसरीही एक बाब आहे. आपल्या माणसाची माया होती, मान राखण्याची धडपड होती, सराव नव्हता. सराव नव्हता कारण लगाम कधी हातात येऊच दिला गेला नव्हता. आज १० तासांतले ६ तास वाया जातात तेव्हा मला तो पूल आठवतो.

आणि ते १० तासही आता राहिलेले नाहीत. २०२४ चा हंगाम हा त्या लीगचा शेवटचा ठरला. कंपनीने सुरू केली, कंपनीने थांबवली. याविरुद्ध रिट याचिका करता येईल काय? नाही. संविधानाचा अनुच्छेद १६(४) राज्याच्या सेवेतील नेमणुकांसाठी आहे, कंपनीच्या लीगसाठी नाही. हक्काने मिळालेली वस्तू काढून घेतली तर न्यायालयात जाता येते. मेहेरबानीने मिळालेली काढून घेतली तर आभार मानून घरी यायचे! मी कंपनीला दोष देत नाही. तिने तीन वर्षे जे दिले ते आपल्या विद्यापीठांनी दिले नाही. पण आपल्या पिढीचे शिक्षण कोणाच्या हंगामावर अवलंबून ठेवायचे, हा प्रश्न कंपनीने नव्हे, आपणच सोडवायचा आहे.

सुदैवाने सगळेच दरवाजे कंपनीचे नाहीत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१६ मध्ये ‘एफवन-टेन्थ’ ही स्पर्धा निघाली, आता ती ‘रोबोरेसर’ या नावाने चालते. तिची गाडी खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची आणि किंमत काही हजार डॉलर, म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरची. पण तिचे धडे, तिचे सॉफ्टवेअर आणि पडद्यावर सराव करण्याची सोय इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. त्याहून सोपी ‘डाँकी कार’. खेळण्यातली रिमोटची गाडी, तिच्यावर रास्पबेरी पाय नावाचा हाताच्या पंजाएवढा संगणक आणि एक कॅमेरा. ही गाडी गुणांवर नव्हे, नकलेवर शिकते. आधी माणसाने ती ट्रॅकवर काही फेऱ्या चालवायची, मग ती पाहून पाहून तशीच चालते. चालवणाऱ्याने कोपरा चुकीचा कापला तर तीही तसाच कापते. वाडवडिलांची खोड मुलाला लागावी तसे! सगळे सामान मिळून साधारण २५ हजार रुपयांचा खर्च आहे. १४ एप्रिलला आपल्या एकेका मंडळाचा डीजे एका रात्रीत किती घेतो याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी नाव घेऊन भांडण ओढवून घेत नाही.

आमच्या वस्तीच्या विहारातील अभ्यासिकेत मी हा विषय काढला तेव्हा एमपीएससी करणाऱ्या एका मुलाने विचारले, ‘सर, हे परीक्षेला येते का?’ सगळे हसले. प्रश्न मात्र त्याच्या बाजूने खरा होता. त्याच्या आईने धुणीभांडी करून भरलेली फी त्याला फुकट घालवायची नाही. मी त्याला सांगितले, परीक्षेला येत नाही. तो उठून गेला नाही, मागच्या बाकावर बसून राहिला.

पुतणी आता अभियांत्रिकीला आहे. दर रविवारी वंदना आटोपली की ती सभागृहात मुलांना शिकवणार आहे. फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीने ट्रॅक आखायला विहार समितीने परवानगी दिली, पण दर वेळी पट्टी काढून फरशी पुसून द्यायची, या अटीवर. १३ मुलांनी नावे दिली आहेत, त्यांपैकी ८ मुली. गाडीसाठी निम्मी रक्कम जमली आहे. लॅपटॉप मात्र अजून एकच आहे, माझा, आणि रविवारी कोर्टाला सुटी असते. ज्या नोकरदार बंधू-भगिनींच्या घरी चालू अवस्थेतील जुना लॅपटॉप कपाटात पडून असेल त्यांनी तो आपल्या जवळच्या अभ्यासिकेत नेऊन द्यावा. चार्जर विसरू नये.