मुळशीचें पाणी आणि आरोग्याचा न्याय

पुण्याच्या पश्चिमेस निळा व मुळा या नद्यांचें खोरें आंबेमोहोर भातासाठीं प्रसिद्ध होतें. टाटांचें धरण तेथें होऊं लागलें, तेव्हां १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. त्याच लढ्यानें पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापति' केलें. तथापि धरण झालें, आणि कोंकणांतील भिरा येथें पाणी उतरवून १९२७ पासून वीज निघूं लागली. शेतें बुडालीं मावळांत. उजेड पडला मुंबईंत.

याचा आरोग्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. रोग जंतूंमुळें होतो हें खरें. परंतु जंतूंचें फावतें तें अर्धपोटीं शरीरांत व दाट वस्तींत. ज्याची जमीन गेली, त्याचें घरचें धान्य गेलें. धान्य विकत घ्यावयाचें तर मजुरी हवी; मजुरी बुडूं नये म्हणून दुखणें अंगावर काढावें लागतें.

हें केवळ मुळशीपुरतें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें नेमलेल्या मायकेल मार्मट यांच्या आयोगानें २००८ सालीं ग्लासगोचें उदाहरण दिलें: तेथील गरीब कॅल्टन वस्तींतील मुलाचें सरासरी आयुर्मान, जवळच्याच सधन लेन्झींतील मुलापेक्षां २८ वर्षांनीं कमी. सत्ता, पैसा व साधनें यांच्या विषम वाटणींत या तफावतीचें मूळ आयोगास दिसलें.

ऐपत नाहीं म्हणून कोणीहि उपचारास मुकूं नये, असें भोर समितीनें १९४६ सालींच सांगितलें होतें. दवाखाना हवाच, परंतु प्रगतीचा खर्च कोणाच्या ताटांतून निघाला, हा हिशेबहि आरोग्याचाच आहे.